फ्लेक्सबॉक्स शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळी भरणाऱ्या आमच्या छोट्या वर्गात वेब पाने बनवायला शिकणाऱ्यांपैकी बरेच जण आधी डीटीपीचे, लग्नपत्रिकांचे किंवा फ्लेक्स छपाईचे काम करणारे असतात. त्यांची नजर तयार असते, रंगाची आणि अक्षराची जाण असते. गाडी अडते ती मांडणीपाशी, म्हणजेच फ्लेक्सबॉक्सपाशी. वेब पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतली, पानावरच्या वस्तू रांगेत मांडण्याची ही पद्धत. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे मी ते वहीत टिपून ठेवले होते, आणि त्यांची उत्तरे इथे सविस्तर देत आहे. उदाहरणासाठी शक्य तिथे एकच पान घेतले आहे: भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमधल्या एखाद्या दुकानाचे. वर दुकानाचे नाव आणि मेन्यू, खाली चपलांची कार्डे, आणि प्रत्येक कार्डावर फोटो, नाव, किंमत व 'मागवा' हे बटण.

चौकात लागतो तो फ्लेक्स आणि फ्लेक्सबॉक्समधला फ्लेक्स यांचा काही संबंध आहे का?

शब्दाचे मूळ एकच आहे, पण कामाची रीत अगदी उलट आहे. बिंदू चौकात लावायचा दहा बाय आठ फुटांचा फलक करताना माप आधी ठरलेले असते. कोरल या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच प्रमाणाचे पान उघडायचे, आणि नाव कुठे, फोटो कुठे, शुभेच्छुकांची यादी कुठे हे बोट ठेवून ठरवायचे. एकदा छापले की त्यातले काही हलत नाही. वेब पानाला असे माप नसते. तेच पान एखाद्याच्या फोनवर ३६० पिक्सेल रुंदीत उघडते, दुकानदाराच्या लॅपटॉपवर १३६६ पिक्सेलमध्ये उघडते, आणि कोणी अक्षरे मोठी करून वाचत असेल तर सगळाच हिशेब बदलतो. त्यामुळे 'ही वस्तू डावीकडून इतक्या अंतरावर ठेव' असे सांगून भागत नाही. 'जागा उरली तर ती अशी वाट, आणि कमी पडली तर अशी कपात कर' असे सांगावे लागते. फ्लेक्सबॉक्स ही ते सांगण्याची भाषा आहे. 'ही वस्तू कुठे ठेवू?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'उरलेली जागा कोणाची?' असे विचारायची सवय लागली, की खालच्या बहुतेक अडचणी आपोआप सुटत जातात.

इथे गुणधर्मांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्येही तशीच चालतील का?

नाही. सीएसएसमध्ये ती रोमन लिपीत आणि दोन शब्दांमध्ये हायफन देऊनच लिहावी लागतात, आणि रिवाजाने लहान अक्षरांत लिहितात. वर्गात आपण ती जशी उच्चारतो तशी इथे लिहिली आहेत, म्हणजे वाचताना वाक्य अडत नाही. तुमच्या एडिटरमध्ये पहिली दोन-तीन अक्षरे टाकली की पूर्ण नाव सुचवले जाते.

डिस्प्ले: फ्लेक्स लिहिले की नेमके काय घडते?

ज्या डिव्हला, म्हणजे एचटीएमएलमधल्या पेटीला, तुम्ही हे लावता तो कंटेनर होतो आणि त्याची थेट मुले आयटम होतात. थेट मुले हे शब्द महत्त्वाचे आहेत. नातवंडांवर याचा काहीही परिणाम होत नाही. कार्डांच्या डिव्हला फ्लेक्स लावला तर कार्डे एका ओळीत येतील, पण कार्डाच्या आतले फोटो, नाव आणि बटण पूर्वीसारखेच राहतील. 'फ्लेक्स लावला तरी काहीच हलले नाही' अशी तक्रार आली, की मी प्रथम हेच पाहतो, आणि बहुतेक वेळा मधे एखादा जास्तीचा डिव्ह सापडतो.

आयटम झालेल्या वस्तूंचे काही जुने नियम गळून पडतात. त्यांच्यावर फ्लोट आणि व्हर्टिकल-अलाइन चालत नाही, आणि शेजारच्या वस्तूंचे मार्जिन एकमेकांत विलीन होत नाही. कंटेनरमध्ये कोणत्याही टॅगशिवाय सुटा मजकूर लिहिला असेल, तर ब्राउझर त्याला स्वतःच एका अनाम आयटममध्ये गुंडाळतो. परिच्छेदालाच फ्लेक्स लावल्यावर त्यातला ठळक शब्द वाक्यातून फुटून वेगळ्या स्तंभात जातो, त्याचे कारण हेच. अॅब्सोल्यूट पोझिशन दिलेले मूल मात्र या वाटणीत धरलेच जात नाही.

काहीही न सांगता मिळणारी मूल्ये पाठ असलेली बरी: दिशा रो, म्हणजे ओळीने, रॅप नाही, म्हणजे सगळे एकाच ओळीत, उभ्या दिशेने सगळे आयटम कंटेनरच्या उंचीइतके ताणलेले, वाढायचे नाही, पण गरज पडल्यास आकसायचे.

फ्लेक्सबॉक्स येण्याआधी लोक काय करत होते? जुन्या पानांत वेगळेच कोड दिसते.

सुरुवातीला टेबल वापरत, पुढे फ्लोट वापरू लागले. फ्लोट हे मुळात चित्राभोवती मजकूर वाहता राहावा म्हणून होते. त्यावर अख्ख्या पानाचा सांगाडा उभा करणे हा नाइलाज होता. फ्लोटमुळे कोसळलेली उंची सावरण्यासाठी क्लिअरफिक्स नावाची युक्ती प्रत्येक पानात लागत असे, आणि एखादी गोष्ट उभ्या दिशेने मधोमध आणणे हे तर रीतसर संकट होते.

वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने फ्लेक्सबॉक्सचा पहिला मसुदा २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात डिस्प्ले: बॉक्स असे लिहावे लागे. २०११ मध्ये ते डिस्प्ले: फ्लेक्सबॉक्स झाले, आणि २०१२ मध्ये आजचे डिस्प्ले: फ्लेक्स आले. तुम्हाला जुन्या पानांत वेबकिट किंवा एमएस हे उपसर्ग लावलेल्या तीन-तीन ओळी दिसतात त्या या स्थित्यंतराच्या खुणा आहेत. सफारीने २०१५ मध्ये नवव्या आवृत्तीत उपसर्गाची गरज संपवली. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ मध्ये बऱ्याच त्रुटी होत्या. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी त्याचा आधार थांबवला. नवीन कामात उपसर्ग लिहिण्याचे कारण उरलेले नाही. इंटरनेटवर सापडलेल्या उताऱ्यात डिस्प्ले: बॉक्स दिसले, तर तो उतारा जुना आहे एवढे समजावे आणि दुसरा शोधावा.

जस्टिफाय-कंटेंट आणि अलाइन-आयटम्स यांत नेहमी गोंधळ होतो. लक्षात कसे ठेवावे?

'एक आडवे, एक उभे' असे पाठ करणाऱ्यांचाच गोंधळ जास्त होतो, म्हणून ते पाठांतर प्रथम विसरावे. फ्लेक्सबॉक्सला दोन अक्ष असतात. आयटम ज्या दिशेने एकामागून एक रांगेत बसतात तो मुख्य अक्ष, आणि त्याला काटकोनात छेदणारा तो छेद अक्ष. जस्टिफाय-कंटेंट नेहमी मुख्य अक्षावर काम करतो, अलाइन-आयटम्स नेहमी छेद अक्षावर. फ्लेक्स-डायरेक्शन कॉलम केली की रांग वरून खाली लागते, म्हणजे दोन्ही अक्ष फिरतात आणि दोन्ही गुणधर्म त्यांच्याबरोबर फिरतात. उर्दूसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषेच्या पानावर तर रो सुद्धा उजवीकडून सुरू होते. म्हणूनच मूल्यांची नावे लेफ्ट-राइट अशी न ठेवता स्टार्ट आणि एंड अशी ठेवली आहेत.

याच्याच पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो: 'कॉलम केले, जस्टिफाय-कंटेंट सेंटर दिले, तरी मजकूर मधे येत नाही.' येणार कसा? डिव्हची रुंदी आपोआप पूर्ण भरते, पण उंची आतल्या मजकुराएवढीच असते. उभ्या दिशेने जागा उरलेलीच नाही, तर वाटणार काय? कंटेनरला किमान उंची द्या, उदाहरणार्थ मिन-हाइट १०० व्हीएच, म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीएवढी, आणि मजकूर लगेच मधोमध येईल. जस्टिफाय-कंटेंट वस्तू हलवत नाही. तो उरलेली जागा वाटतो, आणि त्या वाटणीमुळे वस्तू हललेल्या दिसतात. स्पेस-बिटवीन, स्पेस-अराउंड आणि स्पेस-इव्हनली ही तीन मूल्येसुद्धा वाटणीच्याच तीन रीती आहेत. पहिली कडांना काही देत नाही, दुसरी कडांना अर्धा वाटा देते, तिसरी सगळीकडे सारखा.

मेन्यूतल्या सगळ्या दुव्यांपैकी फक्त 'संपर्क' उजव्या टोकाला न्यायचा आहे. जस्टिफाय-सेल्फ चालत नाही.

फ्लेक्सबॉक्समध्ये जस्टिफाय-सेल्फला काम नाही, कारण मुख्य अक्षावरची उरलेली जागा सर्वांची सामाईक असते. एकट्याने आपली जागा निवडली तर शेजाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतो. त्याऐवजी 'संपर्क' या आयटमला मार्जिन-लेफ्ट: ऑटो द्या. ऑटो मार्जिन उरलेली सगळी जागा स्वतःकडे ओढून घेते, आणि तीही जस्टिफाय-कंटेंटची पाळी येण्याआधी. म्हणजे 'संपर्क'च्या डाव्या बाजूला सगळी शिल्लक जमा होते आणि तो आपोआप टोकाला सरकतो. फ्लेक्सबॉक्समधली माझी सर्वांत आवडती गोष्ट ही आहे. एका ओळीत काम होते, आणि वाचणाऱ्याला हेतूही कळतो.

फ्लेक्स: १ म्हणजे नेमके काय? सगळीकडे लिहिलेले दिसते, पण समजत नाही.

फ्लेक्स हा तीन गुणधर्मांचा संक्षेप आहे: फ्लेक्स-ग्रो, फ्लेक्स-श्रिंक आणि फ्लेक्स-बेसिस. बेसिस म्हणजे वाटणीला बसण्याआधीचे मूळ माप. ग्रो म्हणजे उरलेल्या जागेतला हिस्सा. श्रिंक म्हणजे तूट आल्यास कपातीतला हिस्सा. हिस्सा हे माप नव्हे, एवढे घट्ट धरून ठेवा. ग्रो २ दिलेला आयटम ग्रो १ दिलेल्याच्या दुप्पट रुंद होतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याला उरलेल्या जागेतला दुप्पट वाटा मिळतो, आणि हे दोन फार वेगळे आहेत.

आकडे घेऊन पाहू. कंटेनर १००० पिक्सेलचा आहे. तीन आयटमांची मूळ मापे २००, ३०० आणि १०० आहेत, म्हणजे एकूण ६००, आणि शिल्लक ४००. ग्रो अनुक्रमे १, १ आणि २ आहे, म्हणजे एकूण चार हिस्से, प्रत्येकी १०० पिक्सेलचे. अंतिम रुंदी ३००, ४०० आणि ३०० होईल. तिसऱ्याचा ग्रो पहिल्याच्या दुप्पट असूनही दोघे समान निघाले. हा हिशेब वहीत एकदा हाताने केला, की पुन्हा कधी गोंधळ होत नाही, म्हणून मी वर्गात तो प्रत्येकाकडून करून घेतो.

आता फ्लेक्स: १ चा अर्थ: ग्रो १, श्रिंक १ आणि बेसिस शून्य. मूळ माप शून्य धरले की कंटेनरची सगळीच रुंदी 'शिल्लक' ठरते आणि ती सारखी वाटली जाते, त्यामुळे आयटम समान रुंदीचे होतात. फ्लेक्स: ऑटो मध्ये ग्रो आणि श्रिंक तेच, पण बेसिस ऑटो असते, म्हणजे मजकुराची स्वतःची रुंदी आधी राखली जाते आणि उरलेलीच वाटली जाते. ९०० पिक्सेलच्या ओळीत १००, २०० आणि ३०० पिक्सेलचा मजकूर असेल, तर फ्लेक्स: १ ने प्रत्येकाला ३०० मिळतील, आणि फ्लेक्स: ऑटो ने २००, ३०० आणि ४००. मेन्यूच्या दुव्यांना ऑटो शोभते, कारण 'आमच्याविषयी' आणि 'दर' यांना एकाच मापाची पेटी दिली तर एक कोंबलेला आणि दुसरा ओसाड दिसतो. फ्लेक्स: नन म्हणजे ना वाढ, ना कपात; दुकानाच्या लोगोला हे द्यावे.

एक बारकावा: सर्व ग्रोंची बेरीज एकपेक्षा कमी असेल, तर तेवढाच भाग वाटला जातो. एकाच आयटमला ग्रो ०.५ दिला, तर शिल्लक जागेतला अर्धाच त्याला मिळतो आणि अर्धी तशीच राहते.

जागा कमी पडते तेव्हा कपात सर्वांची सारखी होते का?

श्रिंक सारखा असला तरी कपात सारखी होत नाही. ती मूळ मापाच्या प्रमाणात होते. ६०० पिक्सेलच्या कंटेनरमध्ये ५०० आणि ३०० पिक्सेलचे दोन आयटम असतील तर तूट २०० आहे. दोघांचा श्रिंक १ असल्यास कपात ५ : ३ या प्रमाणात, म्हणजे १२५ आणि ७५ होते, आणि उरतात ३७५ व २२५. सर्वांकडून सारखीच रक्कम कापली जात असती, तर तूट मोठी असताना लहान आयटम शून्यावर आला असता आणि मोठ्याकडे मात्र जागा उरली असती. ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडून जास्त, हा नियम मला न्याय्य वाटतो, आणि तो कळला की आकसलेली मापे कोड्यासारखी वाटत नाहीत.

लॅपटॉपवर पान नीट दिसते, पण फोनवर आडवे सरकते. काय चुकते?

आधी पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आहे का ते पाहा. तो नसेल तर फोन पान खूप रुंद आहे असे समजून मांडतो आणि मग ते बारीक करून दाखवतो. मग फ्लेक्सबॉक्सला दोष देण्यात अर्थ नाही.

टॅग असूनही पान सरकत असेल, तर कारण बहुधा मिन-विड्थ: ऑटो हे असते. फ्लेक्स आयटम आकसतो खरा, पण आतल्या मजकुराच्या किमान रुंदीच्या खाली जायला तो स्वतःहून तयार होत नाही. मजकुराची किमान रुंदी म्हणजे सर्वांत लांब, न तुटणाऱ्या शब्दाची रुंदी.

हे मला एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या पानावर कळले. एक, पाच आणि दहा किलोच्या रव्यांची यादी होती. प्रत्येक ओळीत डावीकडे फोटो, मधे मालाचे नाव, उजवीकडे दर. नाव एकाच ओळीत राहावे आणि लांब असल्यास शेवटी तीन टिंबे यावीत, म्हणून नावाच्या शीर्षकाला व्हाइट-स्पेस: नोरॅप, ओव्हरफ्लो: हिडन आणि टेक्स्ट-ओव्हरफ्लो: एलिप्सिस असे तिन्ही रीतसर दिले होते. माझ्या संगणकावर सगळे उत्तम दिसत होते. मालकांनी मार्केट यार्डातून स्वतःच्या फोनवर पान उघडले आणि दराचा रकाना पडद्याबाहेर गेला. टिंबे कुठेच नव्हती. दोन संध्याकाळी मी रुंदीचे आकडे बदलत राहिलो. दोष आकड्यांत नव्हताच. शीर्षक ज्या डिव्हमध्ये होते तो डिव्ह फ्लेक्स आयटम होता, आणि आतली अखंड ओळ हीच आपली किमान रुंदी समजून तो आकसायला नकार देत होता. त्या बाहेरच्या डिव्हला मिन-विड्थ: ० दिले, आणि टिंबे आली, दरही जागेवर आला. उपाय शीर्षकाला लावायचा नाही, त्याच्या बाहेरच्या आयटमला लावायचा. सगळे जण इथेच चुकतात.

लांब ईमेल पत्ता किंवा दुवा असेल तर ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर वापरा. ब्रेक-वर्ड हे मूल्य तसेच दिसते, पण किमान रुंदीच्या हिशेबात ते धरले जात नाही, म्हणून फ्लेक्सबॉक्समध्ये ते अपुरे पडते. मराठी सामासिक शब्दांसाठी मात्र एनीव्हेअर मला रुचत नाही, कारण शब्द कुठेही तुटतो आणि वाचणारा अडखळतो. तिथे योग्य जागी सॉफ्ट हायफन, म्हणजे शब्द तिथे तुटला तरच दिसणारा हायफन, घालावा.

कार्डे पुढच्या ओळीत कशी वळवावी? आणि शेवटच्या ओळीतले एकटे कार्ड पसरते ते का?

फ्लेक्स-रॅप: रॅप दिले की मावत नाहीत ते आयटम पुढच्या ओळीत जातात. लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी की वळायचे की नाही हा निर्णय मूळ मापे पाहून होतो, आकसण्याच्या आधी. म्हणून तीन कार्डांना प्रत्येकी ३३.३३ टक्के बेसिस देऊन वर १६ पिक्सेलचा गॅप ठेवला, की बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते आणि तिसरे कार्ड खाली उतरते. बेसिस २२० पिक्सेलसारखे ठेवा, ग्रो १ द्या, आणि किती मावतात ते ब्राउझरला ठरवू द्या. गॅप हा गुणधर्म फ्लेक्सबॉक्समध्ये तुलनेने उशिरा आला. क्रोममध्ये २०२० पासून आणि सफारीत २०२१ पासून तो चालतो. तो फक्त आयटमांच्या मधे जागा सोडतो, कडांना नाही, त्यामुळे पूर्वीची ऋण मार्जिनची कसरत आता करावी लागत नाही.

एकटे कार्ड पसरते, कारण फ्लेक्सबॉक्स प्रत्येक ओळीची वाटणी स्वतंत्रपणे करतो. सात प्रकारच्या चपला आहेत आणि एका ओळीत तीन मावतात. मग तिसऱ्या ओळीत एकटी पडलेली सातवी, कुरुंदवाडी चप्पल सगळी शिल्लक घेऊन पडदाभर पसरते. वरच्या ओळीतल्या कार्डांच्या रेषेतच खालची कार्डे यावीत अशी अपेक्षा असेल, तर ते काम फ्लेक्सबॉक्सचे नाही, ग्रिड या सीएसएसमधल्याच दुसऱ्या मांडणीपद्धतीचे आहे. ग्रिड २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आहे. त्यात ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्सला रिपीट, ऑटो-फिल आणि मिनमॅक्स दिले की रकाने सरळ रेषेत राहतात.

मग फ्लेक्सबॉक्स शिकायचाच कशाला? सगळे ग्रिडमध्ये करू.

ग्रिड आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा एकदम धरतो. फ्लेक्सबॉक्स एका वेळी एकच रांग पाहतो. मेन्यू, बटणांची पट्टी, कार्डाच्या आतली मांडणी, फोटोशेजारचा मजकूर, या सगळ्या रांगाच आहेत. शिवाय ग्रिडमध्ये साधारणपणे आराखडा आधी ठरतो आणि मजकूर त्यात बसतो. फ्लेक्सबॉक्समध्ये मजकुराचे माप आधी विचारात घेतले जाते. माझ्या मते पानाचा सांगाडा ग्रिडने आणि आतले अवयव फ्लेक्सबॉक्सने करावेत. ज्यांनी बूटस्ट्रॅप हा तयार सीएसएसचा संच वापरला आहे त्यांनी नकळत फ्लेक्सबॉक्सच वापरला आहे. २०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्याची रकान्यांची व्यवस्था फ्लेक्सबॉक्सवरच उभी आहे.

काही कार्डांत चपलेचे वर्णन दोन ओळींचे, काहींत पाच ओळींचे आहे. तरी सगळी बटणे तळाशी एका रेषेत कशी आणावी?

कार्डे स्वतः ताणून समान उंचीची झालेली असतात, कारण ताणणे हेच मूळ मूल्य आहे. आता प्रत्येक कार्डालाच पुन्हा डिस्प्ले: फ्लेक्स आणि फ्लेक्स-डायरेक्शन: कॉलम द्या, आणि बटणाला मार्जिन-टॉप: ऑटो. कमी मजकुराच्या कार्डातली शिल्लक उंची बटणाच्या वर जमा होते आणि बटण तळाला टेकते. जो आयटम आहे तोच कंटेनरही होऊ शकतो, हे या एका उदाहरणात नीट समजते. बटण या वेळी आडवे ताणले जाईल. ते नको असल्यास त्याला अलाइन-सेल्फ: फ्लेक्स-स्टार्ट द्या.

फोटो उभा ताणला जातो आणि चप्पल विचित्र लांब दिसते.

तेच ताणणे. फोटो थेट फ्लेक्स आयटम असेल तर अलाइन-सेल्फ: फ्लेक्स-स्टार्ट द्या किंवा त्याला एका डिव्हमध्ये ठेवा.

सवलतीची चप्पल पहिली दिसावी म्हणून ऑर्डर वापरली तर चालेल का?

दिसण्यापुरती चालेल, पण मी वापरू नका असेच सांगेन. ऑर्डरने फक्त डोळ्यांना दिसणारा क्रम बदलतो. स्क्रीन रीडर आणि टॅब कळ हे मूळ एचटीएमएलचा क्रमच पाळतात. कळफलकावरून पान वापरणाऱ्या माणसाचा फोकस मग पहिल्या कार्डावरून चौथ्यावर आणि तिथून मागे उडतो, आणि त्याला त्याचे कारण कळत नाही. रो-रिव्हर्स आणि कॉलम-रिव्हर्सलाही हेच लागू आहे. क्रमाला अर्थ असेल तर तो एचटीएमएलमध्येच बदलावा. जे दृष्टिहीन ग्राहक आवाजावर पान ऐकतात त्यांनाही आपले दुकान तितकेच नीट दिसले पाहिजे.

मेन्यू मधोमध आणला, पण लहान पडद्यावर पहिला दुवा गायब होतो आणि मागे सरकूनही दिसत नाही.

जस्टिफाय-कंटेंट: सेंटर असताना आयटम मावले नाहीत, तर ते दोन्ही बाजूंना सारखे बाहेर जातात, आणि सुरुवातीच्या बाजूला बाहेर गेलेला भाग स्क्रोल करून पाहता येत नाही. सेंटर काढून पहिल्या दुव्याला मार्जिन-लेफ्ट: ऑटो आणि शेवटच्या दुव्याला मार्जिन-राइट: ऑटो द्या. जागा असेल तेव्हा मेन्यू मधे राहील. जागा नसेल तेव्हा ऑटो मार्जिन शून्य होते आणि सगळा ओघ एकाच बाजूला जातो, जिथे स्क्रोल पोचतो.

देवनागरी मजकुरासाठी काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

घ्यावी लागते, आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या पाठांत ती सहसा सापडत नाही. पहिली गोष्ट उंचीची. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा आणि रफार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. कंटेनरला ठराविक उंची आणि ओव्हरफ्लो: हिडन दिले, की 'कुरुंदवाडी'चा उकार आणि 'कोल्हापुरी'ची वेलांटी कापली जाते. उंचीऐवजी पॅडिंग द्या आणि लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा.

दुसरी गोष्ट रेषेची. मोठ्या अक्षरातली '१८००' आणि शेजारी लहान अक्षरातला 'रुपये जोडी' हा मजकूर एका रेषेत आणायचा असेल, तर अलाइन-आयटम्स: बेसलाइन वापरतात. ब्राउझर इथे अक्षरांच्या पायाची रेषा जुळवतो. आपण मात्र शाळेत वरच्या रेषेला अक्षर टांगून लिहायला शिकलो आहोत, आणि आपली नजर शिरोरेषा शोधते. ती वर-खाली झालेली दिसते आणि 'काहीतरी खटकते' असे वाटते. अलाइन-आयटम्समध्ये शिरोरेषा जुळवणारे मूल्य नाही. दुकानाच्या नावासारख्या ठिकाणी मी फ्लेक्स-स्टार्ट देतो आणि लहान अक्षराला मार्जिन-टॉप देऊन शिरोरेषा हाताने जुळवतो. फॉन्ट बदलला की ते पुन्हा तपासावे लागते. किमतीसाठी मात्र बेसलाइन पुरेशी आहे.

कोणाला किती वाटा मिळाला हे पाहायची सोय आहे का?

आहे, आणि अंदाजाने आकडे बदलण्याआधी ती वापरावी. फायरफॉक्सच्या डेव्हलपर टूल्समध्ये जानेवारी २०१९ पासून फ्लेक्सबॉक्स इन्स्पेक्टर आहे. एखादा आयटम निवडला की त्याचे मूळ माप, वाढ किंवा कपात, किमान रुंदीमुळे आलेला अडसर आणि अंतिम माप असा सगळा ताळेबंद तो मांडून दाखवतो. मला गुळाच्या पानासाठी लागलेल्या दोन संध्याकाळी यात पाच मिनिटांत आटोपल्या असत्या. क्रोममध्येही एलिमेंट्सच्या यादीत फ्लेक्स असे छोटे बिल्ले दिसतात. त्यावर टिचकी मारली की कंटेनरच्या रेषा पानावर उमटतात.

सराव कशावर करावा?

फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी या विनामूल्य खेळात २४ पायऱ्या आहेत. गुणधर्मांची नावे जिभेवर बसण्यासाठी तो चांगला आहे, पण त्यात वाढ आणि कपातीचा हिशेब येत नाही. त्यासाठी स्वतःचे पान हवे. चप्पल लाइनमध्ये किंवा गुजरीत एखाद्या दुकानासमोर उभे राहा, एका मांडणीचा फोटो काढण्याची परवानगी घ्या, आणि घरी येऊन आठ वस्तूंचे पान बनवा. एका वस्तूचे नाव मुद्दाम खूप लांब ठेवा, एकीचे वर्णन रिकामे सोडा, एक फोटो उभा आणि एक आडवा घ्या. मग ब्राउझरची खिडकी १३६६ पिक्सेलपासून ३२० पर्यंत हळूहळू ओढत न्या. जिथे मांडणी मोडेल तिथे थांबा, कागदावर मूळ मापे, शिल्लक किंवा तूट आणि हिस्से लिहा, आणि आकडा जुळल्यावरच कोडला हात लावा. वर्गात येताना तो कागदही बरोबर आणा. मी पानाआधी तोच पाहतो.